तुमचे प्रश्न : चपलांच्या ढिगातली आपली चप्पल

गेल्या अंकात कुकी, म्हणजे साइट आपल्या यंत्रावर ठेवतात त्या ओळखीच्या छोट्या नोंदी, पुसायच्या कशा ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून आली आहे: पुसल्या, तरी साइट ओळखतात. म्हणून या वेळची सगळी पानं त्या एकाच गोष्टीला दिली आहेत. पत्रं जागेसाठी आखूड केली आहेत, भाषा ज्याची त्याची ठेवली आहे.

मी निवृत्त शिक्षिका, वय ६९. तुमचं वाचून कुकी पुसल्या. खासगी विंडोसुद्धा उघडून पाहिली. तरी गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात पाठ सोडत नाही. नातू म्हणतो, "आजी, ते फिंगरप्रिंट घेतात." पण मी फोनसुद्धा आकडे दाबून उघडते, अंगठा कुठेच लावलेला नाही. मग माझा ठसा त्यांच्याकडे गेला कसा? आधारवरून तर नाही ना? (सातारा)

बाई, आधी काळजी मिटवते. तुमच्या बोटाचा ठसा कुणी घेतलेला नाही आणि आधारशी याचा काडीचाही संबंध नाही. नाव तेवढं फसवं आहे. ठसा घेतात तो तुमच्या ब्राउझरचा, म्हणजे ज्यातून तुम्ही साइट उघडता त्या क्रोम किंवा फायरफॉक्सचा.

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. चपला ठेवल्या की स्टँडवाला हातात बिल्ला देतो. कुकी म्हणजे तो बिल्ला. तो तुमच्याकडे असतो आणि मनात आलं तर तुम्ही तो फेकून देऊ शकता. गेल्या महिन्यात आपण तेच केलं. आता असा एक स्टँडवाला डोळ्यांसमोर आणा, जो बिल्ला देतच नाही. नुसता चपलेकडे बघून घेतो: सहा नंबर, तपकिरी, उजव्या अंगठ्याचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवलेला, डावी टाच बाहेरून झिजलेली. पुढच्या सोमवारी तुम्ही आलात की नाव-गाव न विचारता त्याने ओळखलं. शिवलेला पट्टा शंभर चपलांना असेल, झिजलेली टाच हजारांना. पण या सगळ्या खुणा एकाच जोडात असलेली चप्पल त्या ढिगात एकच सापडते.

ब्राउझरच्या खुणा अशाच साध्या असतात. पडद्याची लांबी-रुंदी, घड्याळ कुठल्या देशाचं, कुठल्या भाषेत पानं मागता, कुठले फॉन्ट बसवलेले आहेत, प्रोसेसरचे कोअर किती. बॅटरीत किती टक्के उरले तेसुद्धा पानाला विचारता येत होतं. फायरफॉक्सने ती सोय २०१७ साली काढून टाकली, कारण तीही खूण म्हणून वापरता येते हे संशोधकांनी दाखवून दिलं होतं.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटते ती चित्राची खूण. पान उघडतं, तुम्ही मजकूर वाचायला लागता, आणि मागच्या मागे ते पान तुमच्याच यंत्राकडून एक चित्र काढून घेतं. एखादं वाक्य, एखादा रंगीत चौकोन, एखादं इमोजी. ते तुम्हाला कधीच दिसत नाही. प्रत्येक यंत्राची अक्षराच्या कडा गुळगुळीत करायची तऱ्हा थोडी वेगळी असते, ग्राफिक्सची चिप वेगळी, ड्रायव्हर वेगळा. त्यामुळे अक्षराच्या कडेचे करडे ठिपके किंचित इकडे-तिकडे पडतात. डोळ्याला काहीच फरक कळत नाही, पण ठिपक्या-ठिपक्याचा हिशोब करून त्याचा एक लांबलचक आकडा बनवला की दोन यंत्रं वेगळी पडतात. सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी हे २०१२ मध्ये मांडलं. २०१४ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हेन आणि अमेरिकेच्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या लोकांनी सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या एक लाख साइट तपासल्या, तेव्हा ५.५ टक्के साइटवर हा प्रकार चालू होता.

यात तुमच्या यंत्रावर काहीही साठवलं जात नाही. म्हणून पुसायलाही काही उरत नाही.

किती जण असे ओळखू येतात? इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेव निघाले. पण तिथे तपासून घ्यायला आलेले लोक मुळात या विषयातले होते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या एका सर्वसाधारण लोकप्रिय साइटवर वीस लाखांहून जास्त ठसे तपासले, तर एकमेव ३३.६ टक्केच होते. नुसते मोबाइल पाहिले तर १८.५ टक्के. एकाच कंपनीचे हजारो फोन अगदी सारखे असतात, म्हणून फोनवाला थोडा जास्त लपतो. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण घाबरवणारा आकडा तेवढा सगळीकडे फिरतो.

आता तुमचा गुडघ्याचा पट्टा. तो ठशामुळेच मागे लागलाय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. फोनवर तुमचं गूगलसारखं खातं उघडं असेल तर कंपनीला ठशाची गरजच नाही, ती तुम्हाला नावानेच ओळखते. आधी तिथल्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये 'पर्सनलाइज्ड' जाहिराती बंद करा. क्रोममध्ये ठसा थांबवण्याचं वेगळं बटण नाही. फोनवर फायरफॉक्स घ्या, सेटिंगमध्ये 'एन्हान्स्ड ट्रॅकिंग प्रोटेक्शन' शोधा आणि 'स्ट्रिक्ट' निवडा. हे नको असेल तर ब्रेव्ह नावाचा ब्राउझर घ्या, त्यात हे संरक्षण पहिल्यापासून चालू असतं, काहीच दाबावं लागत नाही. नातवाला शेजारी बसवा, पण बटण तुम्ही दाबा.

व्हीपीएन घेतलं तर हे थांबतं का? दरमहा पैसे मागतात. (अहिल्यानगर)

नाही. व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटवरची ये-जा दुसऱ्या संगणकामार्गे वळवणारी सेवा. तिने तुम्ही कुठल्या रस्त्याने देवळात आलात ते लपतं. चप्पल तीच राहते. निव्वळ ठशासाठी पैसे घालवू नका.

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. एका तपासणीच्या साइटवर माझा ब्राउझर 'एकमेव' निघाला. घाबरून, एका व्हिडिओत पाहून फायरफॉक्सच्या 'अबाउट कॉन्फिग' या आतल्या सेटिंगच्या पानावर 'रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग' चालू केलं. तेव्हापासून ऑनलाइन कॅलेंडरवर गिऱ्हाइकांच्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात, डार्क मोड गेला, आणि फोटो लहान करून देणाऱ्या साइटवर वराचा फोटो टाकला तर नुसत्या रंगीत रेघा परत आल्या. मशीनला व्हायरस लागलाय का?

दादा, व्हायरस नाही. तुम्ही चालू केलेलं संरक्षण अगदी सांगितल्याबरहुकूम काम करतंय, फक्त ते तुमच्यासाठी बनवलेलं नाही.

आधी तुम्ही एकमेव का निघालात ते बघू. तुमच्या मशीनवर श्रीलिपीचे ढीगभर फॉन्ट असणार, कृतिदेव असणार, कुणा जुन्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेला 'सुरेख' नावाचा फॉन्ट असणार. शेजारच्या किराणा दुकानातल्या संगणकावर विंडोजबरोबर आलेले मंगल आणि निर्मला एवढेच. साइट तुमच्याकडे फॉन्टची यादी मागत नाही. ती मोजते. पडद्याबाहेर एक शब्द साध्या फॉन्टमध्ये लिहिते आणि त्याची रुंदी घेते. मग तोच शब्द 'हा फॉन्ट असेल तर यात लिही' असं म्हणून पुन्हा लिहून घेते. रुंदी बदलली तर फॉन्ट आहे, नाही बदलली तर नाही. असे शेकडो फॉन्ट क्षणात तपासून होतात. पंचवीस वर्षांच्या धंद्यात तुम्ही एकेक करून जमवलेली फॉन्टची पेटी, तीच तुमच्या चपलेचा शिवलेला पट्टा झाली.

आता 'रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग' काय करतं? टॉर हा ओळख लपवण्यासाठीच बनवलेला ब्राउझर, हे त्याच्या लोकांनी आखलेलं काम. त्यांचा उपाय असा की देवळात येणाऱ्या प्रत्येकाला दारातच एकसारखी चप्पल द्यायची. म्हणून सगळ्यांचं घड्याळ ग्रिनिचचं, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. सगळ्यांची आवड उजेडाची, म्हणून डार्क मोड गेला. आणि चित्राची खूण मोजता येऊ नये म्हणून पानाने चित्राचे ठिपके मागितले की खोटे, वेडेवाकडे ठिपके द्यायचे. फोटो लहान करणारी साइट तेच ठिपके मागते. वराच्या जागी रेघा आल्या त्या अशा.

ज्या पत्रकाराच्या जिवावर बेतू शकतं त्याला हे सगळं सोसूनही हवं असतं, आणि त्याच्यासाठी टॉर ब्राउझर आहेच. तुमच्या दुकानात मात्र याने दुहेरी नुकसान आहे. फायरफॉक्स वापरणाऱ्यांत हे आतलं कलम हाताने चालू करणारे मूठभर. म्हणजे ग्रिनिचचं घड्याळ लावून सांगलीहून येणारा माणूस ही आणखी एक ठसठशीत खूण झाली. ब्रेव्हने २०२४ मध्ये आपला सर्वांत कडक पर्याय काढून टाकला, त्यामागे हेच कारण होतं. तो अर्ध्या टक्क्याहून कमी लोक वापरत होते, साइट बिघडत होत्या, आणि इतके थोडे लोक वापरतात म्हणून ते उलट उठून दिसण्याचा धोका होता.

तेव्हा ते कलम परत 'फॉल्स', म्हणजे बंद, करा. मग साध्या सेटिंगमध्ये, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'स्ट्रिक्ट' निवडा. त्यात घड्याळ जागेवर राहतं, आणि तुम्ही वेगळे बसवलेले फॉन्ट साइटना दिसेनासे होतात. कोरल, पेजमेकर, इनडिझाइन यांना धक्का लागत नाही, कारण हे फक्त ब्राउझरपुरतं आहे. एक अडचण येईल: श्रीलिपीत टंकलेल्या जुन्या साइट इंग्रजी अक्षरांचा काला झाल्यासारख्या दिसतील. तेव्हा पत्त्याच्या डावीकडची ढाल दाबून त्या एका साइटपुरतं संरक्षण बंद करा. धंद्याचं आणि घरचं वेगळं ठेवायचं असेल तर फायरफॉक्समध्ये दोन प्रोफाइल करता येतात. अ‍ॅड्रेस बारमध्ये 'अबाउट', विसर्गासारखे दोन टिंब आणि 'प्रोफाइल्स' असं इंग्रजीत टाइप केलं की ते पान उघडतं.

मी स्टुटगार्टला असते. हट्टाने ब्राउझर मराठीत ठेवला आहे. एक सहकारी म्हणाला, "इथे तू त्यामुळेच लगेच ओळखू येत असशील." खरं आहे का?

खरं आहे. प्रत्येक पान मागताना ब्राउझर 'मला या भाषांत चालेल' अशी चिठ्ठी पुढे करतो. नाशिकमध्ये त्या चिठ्ठीवर मराठी असणं काही विशेष नाही. पण घड्याळ बर्लिनचं आणि चिठ्ठीवर पहिली मराठी, असे ब्राउझर एखाद्या जर्मन दुकानाच्या साइटला दिवसात किती भेटत असतील?

फायरफॉक्समध्ये मेनू-बटणांची भाषा आणि चिठ्ठीवरची भाषा वेगवेगळ्या ठेवता येतात. बटणं मराठीत राहू द्या. पानांच्या भाषांची यादी उघडून तिच्यात फक्त जर्मन आणि इंग्रजी ठेवलंत तर खूण पुष्कळच फिकी होते. आपली वर्तमानपत्रं, विकिपीडियाचं मराठी रूप, यांचं काही बिघडत नाही, त्यांचा पत्ताच मराठीचा असतो.

तरीही हा सल्ला देताना मला बोचतं. ती चिठ्ठी कंपन्या मोजतात. 'मराठी कुणी मागतच नाही' हे वाक्य मी अनुवादाच्या कामात असताना वारंवार ऐकलंय, आणि आपणच चिठ्ठीवरून मराठी पुसली तर त्याला पुरावा मिळतो. सफारी चिठ्ठीवर एकच भाषा पाठवतो, संपूर्ण यादी देत नाही. असा मधला मार्ग सगळ्यांनी काढायला हवा. भाषा सांगितल्याची शिक्षा ओळख उघड होणं ही असता कामा नये. तोवर मी स्वतः मराठी वर ठेवते. तुम्ही परक्या देशात आहात, तुमचा निर्णय वेगळा असला तर त्यात गैर काही नाही.

याला कायदा नाही का? आणि 'मला ओळखू नका' असं एकच बटण सगळ्यांना का देत नाहीत? (नाशिक)

बटण दिलं होतं. 'डू नॉट ट्रॅक' त्याचं नाव, २०११ मध्ये फायरफॉक्समध्ये आलं. त्याने साइटला विनंती जायची: माझा माग काढू नका. विनंती पाळायची सक्ती कुणावरच नव्हती, आणि बहुतेकांनी ती पाळली नाही. उलट ज्याने बटण दाबलं त्याच्या चपलेवर 'याने बटण दाबलंय' अशी नवी खूण उमटली. सफारीने २०१९ मध्ये हे कारण उघड सांगून ते बटण काढलं. फायरफॉक्सने २०२५ मध्ये काढलं.

कायद्याचं म्हणाल तर युरोपात डेटा संरक्षण अधिकाऱ्यांच्या गटाने २०१४ मध्येच मत दिलं की कुकीला लागते तशीच संमती ठशालाही लागते. तरी १६ फेब्रुवारी २०२५ पासून गूगलने आपल्या जाहिरातदारांवरचे ठसे वापरण्याबाबतचे निर्बंध सैल केले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने त्याला 'बेजबाबदार' म्हटलं. मला तो शब्द योग्य वाटतो. कुकीला निदान 'नको' म्हणता येतं.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती, अशी त्याची व्याख्या आहे, आणि मी ती वाचते तेव्हा ठसा त्यात बसतो. त्यातली एक तरतूद ध्यानात ठेवा: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी, असं तो कायदा सांगतो. मराठी त्यात आहे. ती सोय मागा.

ठशाचा एक उपयोग मात्र रास्त आहे. तुमच्या खात्यात कुणी अनोळखी यंत्रावरून शिरायला लागलं तर बँकेला ते खुणांवरून कळतं. म्हणून 'स्ट्रिक्ट' लावल्यावर बँकेने एखादा जास्तीचा ओटीपी मागितला तर गोंधळू नका.

आई ७४ वर्षांची, डोळ्याच्या पडद्याचा विकार आहे. तिच्या लॅपटॉपवर पान दुप्पट मोठं करून ठेवलंय, रंग ठळक केलेत, हलणारी चित्रं बंद केलीत. भाऊ म्हणतो, या सेटिंगमुळे तीच जास्त ओळखू येते. काढू का? (ठाणे)

ताई, काढू नका. भावाची माहिती चुकीची नाही. पान मोठं केलं की ठिपक्यांचं प्रमाण बदलतं आणि ते पानाला मोजता येतं. ठळक रंग, कमी हालचाल ही पसंती तर पानाला मुद्दाम कळवली जाते, म्हणजे त्याने आईसाठी तसं रूप दाखवावं. चांगल्या हेतूने उघडलेली खिडकी, आणि तिच्यातून कुणीही डोकावू शकतं. पण आईला वाचता येणं हे सगळ्याच्या आधी येतं.

तिच्यासाठी एक सोपी वाट आहे. विंडोजचं स्वतःचं भिंग वापरा: विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबा. ते भिंग ब्राउझरच्या बाहेर, पडद्यावर धरलं जातं. आजोबा वर्तमानपत्रावर भिंग धरायचे तसंच, वर्तमानपत्राला त्याचा पत्ता नसतो. भिंग चालू असताना कंट्रोल, ऑल्ट आणि 'आय' दाबलं की रंगही उलटे होतात, काळ्यावर पांढरं. पान मात्र भिंगाने मोठं केलं की सरकवत वाचावं लागतं. तिला ते जमत नसेल तर आहे तेच राहू द्या आणि ब्राउझरमध्ये 'स्ट्रिक्ट' लावा.

वरच्या पत्रातल्या दादांनी चालू केलेलं ते आतलं कलम आईच्या लॅपटॉपवर कधीही लावू नका. सगळ्यांना सारखं दाखवायचं म्हणून ते ठळक रंगांची आणि कमी हालचालीची पसंतीही दडवतं, आणि बंद केलेली हलणारी चित्रं परत नाचायला लागतात. टॉर ब्राउझर खिडकीचं माप ठरावीक पटीत बसवायला कडेला रिकामे पट्टे सोडतो. अक्षर मोठं करून वाचणाऱ्याची जागा त्यात आणखी कमी होते. नीट न दिसणाऱ्या माणसाने वाचणं आणि लपणं यातलं एक निवडावं, हे मला मान्य नाही. हे संरक्षण बनवणाऱ्यांनी त्यावर उपाय काढला पाहिजे, आणि तसं त्यांना कळवायची सोय प्रत्येक ब्राउझरच्या मदत पानावर असते. मी दोनदा कळवलंय. तुम्हीही आईच्या शब्दांत लिहा.

मी कोल्हापूरला संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका मुक्त ब्राउझरच्या मराठी अनुवादात स्वेच्छेने मदत करते. 'फिंगरप्रिंटिंग प्रोटेक्शन'साठी कुणी 'अंगुलीमुद्रण संरक्षण' सुचवलं आहे. मला पटत नाही, पण दुसरं सुचत नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?

तुझं पत्र सर्वांत शेवटी आलं, पण त्याचं उत्तर मी केव्हापासून मनात घोळवते आहे.

दर शनिवारी मी वाचनालयात ज्येष्ठांना संगणक शिकवते. मागच्या पावसाळ्यात एक काका आले. एसटीतून निवृत्त झालेले, चष्मा कपाळावर, वहीत प्रत्येक पायरी लिहून घेणारे. आम्ही तीन रेघांच्या मेनूवर गेलो, मग सेटिंग, मग 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'. 'स्ट्रिक्ट'समोरच्या गोळ्यावर बाण नेला आणि खालची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. इंग्रजीत तिथे असं लिहिलेलं असतं की यामुळे काही साइट 'ब्रेक' होऊ शकतात. काकांनी माउसवरून हात उचलला. तापलेल्या तव्यावरून उचलावा तसा. म्हणाले, "मॅडम, माझ्यामुळे बँकेची साइट मोडली तर? भरून कोण देणार?"

ज्या माणसाने जन्मभर सरकारी गाडी सांभाळली, त्याला 'मोडेल' या शब्दाचा अर्थ 'नुकसान माझ्या नावावर' असाच लागणार. त्या दिवशी त्यांनी ते बटण दाबलं नाही. मी समजावलं, पण भीती एकदा बसली की बसली. आयफोनवर तर हीच गोष्ट सेटिंगमध्ये सफारीच्या आत, तळाशी 'अ‍ॅडव्हान्स्ड' लिहिलंय तिथे आहे. 'अ‍ॅडव्हान्स्ड' वाचून किती साधी माणसं पुढे जातात?

आणि ठशाच्या बाबतीत माणसं मागे राहिली तर सगळ्यांचंच नुकसान आहे. कुलूप मी एकटीने लावलं तरी माझं घर सुरक्षित राहतं. ठशापासून लपायला गर्दी लागते. काका, सांगलीचे दादा, साताऱ्याच्या बाई हे सगळे एकाच सेटिंगवर आले तरच त्यांच्या चपला एकमेकांत मिसळतात. म्हणून हे संरक्षण न मागता चालू असलं पाहिजे, आणि जिथे ते तसं नाही तिथे ते चालू करायला लावणारं वाक्य तुझ्या हातात आहे. तुला वाटतंय त्यापेक्षा हे काम मोठं आहे.

'अंगुलीमुद्रण' नको. एक तर कुणाला कळणार नाही, आणि ज्याला कळेल त्याला आधारचं यंत्र आणि रेशनच्या दुकानातला अंगठा आठवेल. साताऱ्याच्या बाईंना तेच झालं. आपल्याकडे 'खूण पटवणं' आहे. खूण पटली की ओळख पटते. मी असं लिहीन: 'साइटना यंत्राच्या खुणा मोजू देऊ नका'. नाव आखूड हवं असेल तर 'खुणा लपवा'. बटणाला रुंदी कमी असते आणि आपली मराठी तिथे मावत नाही, हे मला माहीत आहे. 'खुणा लपवा' मावतं.

'ब्रेक'च्या जागी 'मोडेल', 'बिघडेल', 'तुटेल' यातलं काही नको. 'काही साइट नीट दिसणार नाहीत. तसं झालं तर ढाल दाबून त्या साइटपुरतं बंद करा. तुमच्या खात्याला काही होत नाही.' तीन वाक्यं झाली, मूळ एक आहे. तपासणारा म्हणेल, लांबलं. तू तिसऱ्या वाक्यासाठी भांड. पहिली दोन थोडी छाटली तरी चालतील.

मसुदा झाला की मला पाठव. काका अजून दर शनिवारी येतात. त्यांना वाचून दाखवते आणि हात माउसवर राहतो का ते तुला कळवते.